पंगतीचा भात शिजवताना नाही, शिजल्यावर बिघडतो. उरलेल्या भाताला सकाळी फोडणी देण्याआधी हे वाचा

सोनगीर (ता. धुळे) : खान्देशात लग्नाचं जेवण म्हटलं की वरण-बट्टी, वांग्याची भाजी आणि वरून भात, हे ठरलेलंच. चार-पाचशे पानं उठतात. रात्री अकराच्या सुमारास आचारी हिशेब करून निघून जातो आणि मांडवामागे एका मोठ्या पातेल्यात पंधरा-वीस किलो भात तसाच उरलेला असतो. घरातलं मोठं माणूस सांगतं, "झाकून ठेवा, सकाळी फोडणी देऊ." सकाळी तोच भात हळद-मिरची घालून मुक्कामी पाहुण्यांच्या ताटात येतो. दुपारपर्यंत दोन-चार जणांना उलट्या सुरू होतात. मग कुणी जिलबीला बोल लावतं, कुणी पाण्याला, कुणी उन्हाला. भातावर सहसा कुणाचा संशय जात नाही.

खरं तर अशा वेळी पहिला संशय भातावरच घ्यायला हवा. भात चांगला शिजला होता, रात्री सगळ्यांनी खाल्ला, कुणाला काही झालं नाही, हे सगळं बरोबर असतं. बिघाड होतो तो नंतरच्या आठ-दहा तासांत, झाकून ठेवलेल्या पातेल्यात.

भातात असं काय असतं?

'बॅसिलस सिरियस' नावाचा एक जिवाणू शेतातल्या मातीत असतो. तिथून तो धान्यावर येतो. कच्च्या तांदळात तो थोड्याफार प्रमाणात असतोच. तांदूळ कितीही धुतला तरी तो पूर्ण जात नाही.

बाकीचे बरेच जंतू उकळत्या पाण्यात मरतात. हा जिवाणू मात्र अडचणीच्या काळात स्वतःभोवती टणक कवच तयार करतो. त्याला बीजाणू म्हणतात. कोरड्या जमिनीत पडलेलं बी जसं पावसाची वाट पाहतं, तसा हा बीजाणू वाट पाहत राहतो. भात शिजताना तो मरत नाही. भात कोमट झाला, ओल आणि ऊब मिळाली, की तो 'उगवतो' आणि वाढायला लागतो.

ही वाढ किती वेगाने होते, त्याचा हिशेब करून बघा. अनुकूल उबेत हे जिवाणू साधारण अर्ध्या तासात दुप्पट होतात असं धरलं, तर रात्री १० ते सकाळी ८ या दहा तासांत ते वीस वेळा दुप्पट होतात. म्हणजे एका जिवाणूचे दहा लाखांहून जास्त होतात.

वाढताना हा जिवाणू भातात एक विष सोडतो. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट इथेच आहे. हे विष उष्णतेने नष्ट होत नाही. १२१ अंश तापमानात तासभर ठेवलं तरी ते टिकतं. घरच्या कुकरमध्येही साधारण १२० अंशांपर्यंतच तापमान जातं. म्हणजे सकाळी भाताला फोडणी दिली, वाफ आणली किंवा कुकरच्या शिट्ट्या काढल्या, तरी जिवाणू मरतील, विष मात्र तसंच राहील.

या विषाला वास नसतो, चवही नसते. भात आंबूस लागला तर आपण टाकून देतो. पण आंबूस वास यायच्या आधीही त्यात विष तयार झालेलं असू शकतं. "वास घेऊन बघितला, चांगला होता" ही खात्री इथे कामाची नाही.

हा प्रकार पहिल्यांदा नीट लक्षात आला तो १९७०च्या दशकात ब्रिटनमध्ये. तिथल्या चिनी हॉटेलांत भात आधी उकडून बाहेर ठेवत आणि गिऱ्हाईक आलं की परतून देत. तो खाऊन लोकांना उलट्या होऊ लागल्या. उकडून ठेवलेला भात नंतर परतणं म्हणजे आपला फोडणीचा भातच.

"आम्ही तर शिळा भात खाऊनच मोठे झालो"

हे गावोगाव ऐकायला मिळतं आणि त्यात तथ्यही आहे. पण घरचा भात आणि पंगतीचा भात यात मोठा फरक आहे.

घरी अर्धा किलो तांदळाचा भात होतो. रात्री पातेल्यात दोन वाट्या उरतो. एवढासा भात लवकर गार होतो. पंगतीच्या पातेल्यात मात्र पंधरा-वीस किलो भात एकमेकांवर दाबून बसलेला असतो. वरचा थर गार लागतो, पण मधे हात घातला तर सकाळीही कोमट लागतो. वरून झाकण, झाकणावर गोणपाट, म्हणजे ऊब धरून ठेवायची पूर्ण सोय. जिवाणूला ३० ते ४० अंशांची ऊबच सगळ्यात जास्त मानवते. म्हणजे मोठं पातेलं रात्रभर त्याच्यासाठी उबवणी यंत्रासारखं काम करतं.

त्यात आपल्याकडे लग्नसराई ऐन उन्हाळ्यात असते. आखाजीच्या आसपास धुळे-जळगावचा पारा चाळिशीच्या वर जातो आणि रात्रीसुद्धा हवा लवकर गार होत नाही. थंड प्रदेशात बाहेर ठेवलेलं अन्न निदान हळूहळू गार तरी होतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरची हवाच जिवाणूला हवी तितकी उबदार असते. म्हणूनच शिजलेलं अन्न बाहेर ठेवायची मर्यादा एरवी दोन तासांची मानतात, पण हवा ३२ अंशांच्या वर असेल तर ती एका तासावर येते. घरचा शिळा भातही या नियमातून सुटत नाही.

मोठ्या जेवणात चूक झाली की काय होतं

फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातल्या सोमठाणा इथे हरिनाम सप्ताहात एकादशीचा भगर-आमटीचा प्रसाद झाला. त्यानंतर दोनशेहून जास्त लोकांना उलट्या-जुलाब सुरू झाले. बीबीच्या ग्रामीण रुग्णालयात खाटा पुरेनात. शेवटी लोकांना बाहेर जमिनीवर झोपवून, दोरीला सलाईनच्या बाटल्या बांधून उपचार करावे लागले. ते फोटो अनेकांनी मोबाईलवर पाहिले असतील. त्याच महिन्यात नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या कोष्टवाडीतही प्रसादानंतर मोठ्या संख्येने लोक आजारी पडले होते.

या दोन ठिकाणच्या बातम्यांमधून एक गोष्ट सगळ्यांनी घेण्यासारखी आहे. घरात चूक झाली तर चार जण आजारी पडतात. पंगतीत तीच चूक झाली तर एकाच रात्री शेकडो लोक दवाखान्यात येतात, आणि ग्रामीण रुग्णालयात तेवढ्या खाटा नसतात. लहान मुलं, म्हातारी माणसं आणि गरोदर बायांना सगळ्यात जास्त त्रास होतो.

भगरीचंही भातासारखंच आहे. शिजवून तासन्‌तास ठेवू नये. शिवाय भगर जुनी, ओल लागलेली किंवा बुरशीचा वास येणारी असेल तर ती वापरूच नये. बुरशीचं विषही शिजवल्याने जात नाही.

उपाय पहिला : भात उरूच देऊ नका

उरलेल्या भाताचं काय करायचं, यापेक्षा तो उरणार नाही असं बघणं सोपं आहे. त्यासाठी अंदाज नीट हवा.

जेवणात बट्टी किंवा पोळी-पुरी असेल तर माणशी ५० ते ६० ग्रॅम कच्चा तांदूळ पुरतो. म्हणजे ५०० माणसांना २५ ते ३० किलो. नुसतं वरण-भात-भाजी असं जेवण असेल तर माणशी १०० ते १२० ग्रॅम धरा. एक किलो तांदळाचा साधारण अडीच ते तीन किलो भात होतो.

सगळा तांदूळ एकदम लावू नका. ३० किलो लागणार असेल तर १०-१० किलोचे तीन भाग करा. १० किलो तांदळाला साधारण २० लिटर पाणी लागतं. तांदूळ नवा असेल तर थोडं कमी. पातेलं ५० लिटरचं तरी हवं, म्हणजे भात दाबला जात नाही आणि उतूही जात नाही. बाजूच्या चुलीवर पाणी उकळत ठेवलं की पुढचा भाग लावायला वेळ लागत नाही.

समजा संध्याकाळी आठला पहिली पंगत बसणार आहे. पहिला भाग सात वाजता लावा, दुसरा पावणेआठला. तिसरा भाग कच्चाच ठेवा. पहिली पंगत उठली, मांडवात किती माणसं राहिली हे दिसलं, की मग तो लावायचा की नाही ते ठरवा. कच्चा तांदूळ घरात वर्षभर चालतो किंवा दुकानदार परत घेतो. शिजलेला भात कुणी परत घेत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. लग्नपत्रिकेवर मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा असतो आणि वरात मारुतीच्या देवळापासून निघते दीडला. आचारी मात्र पत्रिकेप्रमाणे भात करून मोकळा होतो. मग भात दोन-अडीच तास तसाच पडून राहतो. म्हणून भात घड्याळ बघून लावू नका, वरात बघून लावा. घरच्या एका माणसाने आचाऱ्याला फोनवर सांगायचं, "वऱ्हाड निघालं, आता लाव." एवढं केलं तरी निम्मं काम झालं.

तांदूळ आधी धुवून तीन-चार तास भिजत ठेवायची सवय काही ठिकाणी आहे. उन्हाळ्यात तेही टाळा. अर्धा तास पुरे.

उपाय दुसरा : गरम म्हणजे खरंच गरम

भात वाढेपर्यंत ६० अंशांच्या वर राहिला तर जिवाणू वाढू शकत नाही. ५ अंशांच्या खाली असेल तरी त्याची वाढ थांबते. या दोन्हींच्या मधला टप्पा धोक्याचा.

अन्नात टोचून बघायचा डिजिटल थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो. वारंवार भंडारे करणाऱ्या मंडळाने किंवा आचाऱ्याने तो घ्यायलाच हवा. तो नसेल तर साधी खूण अशी : मधला भात झाऱ्याने उकरला की भरपूर वाफ निघाली पाहिजे आणि घास तोंडात घालण्याआधी फुंकर मारावी लागली पाहिजे. कोमट लागला की तो गरम नाही.

शिजलेला भात चुलीवरच मंद निखाऱ्यांवर झाकून ठेवा किंवा उष्णता धरणाऱ्या जाड डब्यात भरा. हा डबा आधी उकळत्या पाण्याने धुवून गरम करून घ्यावा.

वाढप्यांना दोन गोष्टी सांगून ठेवा. बादलीत उरलेला भात परत मोठ्या पातेल्यात ओतायचा नाही. आणि नवा भात जुन्या भातावर टाकायचा नाही. जुनं पातेलं आधी संपवायचं. जुना भात तळाशी आणि नवा वर, असं झालं की तळाचा भात किती तासांचा आहे हे कुणालाच कळत नाही.

उपाय तिसरा : उरलाच तर तासाभरात निकाल लावा

भात उरला तर पंगत उठल्याबरोबर पुढीलप्रमाणे करा.

आत्ता खाणारी माणसं असतील तर लगेच गरम असतानाच वाटून टाका. मांडववाले, बँडवाले, वाजंत्री, गाडीचे ड्रायव्हर, शेजारपाजार. देताना स्पष्ट सांगा, "आत्ताच खा, सकाळसाठी ठेवू नका." डबा दिला आणि समोरच्याने तो रात्रभर ठेवला, तर आपण पुण्याच्या भावनेने दिलेलं अन्न त्याला दवाखान्यात नेऊ शकतं.

सकाळसाठी ठेवायचाच असेल तर फक्त फ्रीजमध्ये मावेल एवढाच ठेवा. तो मोठ्या स्वच्छ परातींत दोन-तीन बोटं जाडीचा पसरवा, वरून पंखा लावा, माशी बसणार नाही असं पातळ धुतलेलं कापड टाका. गार झाला की छोट्या छोट्या डब्यांत भरून फ्रीजमध्ये ठेवा. चूल बंद केल्यापासून फ्रीजमध्ये जाईपर्यंत तासाभरापेक्षा जास्त वेळ जाऊ देऊ नका. गरम पातेलं तसंच फ्रीजमध्ये कोंबलं तर ते आत गार होत नाही, उलट शेजारचं दूधही नासतं. फ्रीजमधला भात दुसऱ्या दिवशीच, एकदाच, चांगली वाफ येईपर्यंत गरम करून खावा. गावात रात्री लाईट जात असेल तर फ्रीजवर भरवसा ठेवू नका.

पातेल्यात रात्रभर राहिलेला भात मात्र माणसांनी खायचा नाही. अन्न टाकणं जिवावर येतं, ते बरोबरच आहे. पण टाकण्याची वेळ येते ती जास्त शिजवल्यामुळे. हिशेब तिथे सुधारायला हवा, पाहुण्यांच्या पोटात नाही.

गाई-म्हशींपुढे पातेलं उपडं करू नका

"माणसांना नको तर जनावरांना घाला," असं लगेच सुचतं. इथेही जपून. गाय, म्हैस, बैल, शेळी ही रवंथ करणारी जनावरं. त्यांचं पोट चाऱ्यासाठी बनलेलं आहे. एकदम भरपूर भात, पुरी, बट्टी खाल्ली की ते पोटात झपाट्याने आंबतं आणि आम्ल तयार होतं. जनावर चारा सोडतं, रवंथ थांबते, पोट फुगतं, पातळ शेण पडतं, जनावर बसून राहतं. वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर दगावतंही. लग्नाचं उरलेलं जेवण खाऊन दुभती जनावरं गेल्याचे प्रकार पशुवैद्यकांना नवीन नाहीत. अशी लक्षणं दिसली तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका, पशुवैद्यकाला बोलवा.

उरलेला भात खताच्या खड्ड्यात टाका. वरून शेण, पालापाचोळा आणि मातीचा थर द्या, म्हणजे कुत्री उकरणार नाहीत आणि वास येणार नाही. उकिरड्यावर उघडा टाकलेला भात मोकाट जनावरं खातातच.

भांडी, हात आणि पाणी

सोनगीर हे तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखलं जाणारं गाव. इथल्या पितळी पातेल्यांत शिजलेल्या जेवणाची चव जुनी माणसं अजून सांगतात. पण पितळेला आणि तांब्याला आतून कल्हई हवीच. कल्हई गेलेल्या भांड्यात चिंच, टोमॅटो, ताक किंवा लिंबू घातलेला पदार्थ ठेवला की धातू त्यात उतरतो. त्यालाच आपण पदार्थ 'कळकला' म्हणतो. असं अन्न खाल्ल्यावर थोड्याच वेळात मळमळ, उलट्या सुरू होतात. मंडळाची किंवा भाड्याची भांडी घेताना आत हात फिरवून बघा. कल्हई उडालेली, हिरवट-निळसर डाग पडलेली दिसली तर ते भांडं परत करा. साधा भात आंबट नसतो, पण त्याच भांड्यात लिंबाचा भात किंवा कढी करणार असाल तर कल्हई बघूनच घ्या.

भात कालवणाऱ्या, वाढणाऱ्या हातांवर जखम, फोड किंवा गळू असेल तर त्या माणसाला दुसरं काम द्या. त्या जखमेतल्या जंतूंचं विषही उष्णतेने सहज जात नाही. जुलाब होत असलेल्या माणसाला स्वयंपाकात घेऊ नका. चुलीजवळ साबण आणि पाण्याची वेगळी बादली ठेवा.

भाताचं पाणी उकळतं, पण प्यायचं पाणी, मठ्ठा आणि बर्फ उकळत नाही. टँकरचं किंवा विहिरीचं पाणी असेल तर ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्याकडून टीसीएल पावडर टाकून घ्या आणि टाकल्यावर किमान अर्धा तास थांबून मगच वापरा.

आचारी ठरवताना अन्नसुरक्षेची नोंदणी किंवा परवाना आहे का, हेही विचारा. २००६च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार केटरिंगचा धंदा करणाऱ्याला ते लागतं.

त्रास झालाच तर

भातातल्या विषाने होणाऱ्या उलट्या साधारण अर्धा ते सहा तासांत सुरू होतात. याच जिवाणूमुळे जुलाब झाले तर ते थोडे उशिरा, आठ ते सोळा तासांनी होतात. बहुतेकांना दिवसभरात बरं वाटतं, पण अंगातलं पाणी कमी होऊ देऊ नका. ओआरएसचं एक मोठं पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवून थोडं थोडं पाजत राहा. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. चमचा चहाचा असावा.

उलट्या थांबत नसतील, रक्त पडत असेल, लघवी होत नसेल, मूल सुस्त पडलं असेल, ताप किंवा गुंगी असेल तर लगेच सरकारी दवाखाना गाठा किंवा १०८ला फोन करा. एकापेक्षा जास्त घरांत त्रास सुरू झाला तर आशाताईंना किंवा आरोग्य केंद्राला ताबडतोब कळवा. "गावाची बदनामी होईल, यजमानाला वाईट वाटेल" म्हणून लपवू नका. लवकर कळलं तर बाकीच्यांचं खाणं थांबवता येतं. यासाठी प्रत्येक पदार्थाचा वाटीभर नमुना स्वच्छ डब्यात घालून, वेळ लिहून, फ्रीजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवावा. काही झालं तर तपासणीला तोच उपयोगी पडतो.

आचाऱ्याला आणि घरच्यांना पाठवायच्या सहा गोष्टी

१. बट्टी-पोळी असेल तर माणशी ५० ते ६० ग्रॅम तांदूळ. त्याहून जास्त लावू नका.
२. भात १०-१० किलोने लावा. शेवटचा भाग माणसं मोजून.
३. वऱ्हाड निघाल्याशिवाय भात लावू नका.
४. वाढेपर्यंत वाफाळता ठेवा; नवा भात जुन्यावर ओतू नका.
५. उरलेला भात तासाभरात वाटा किंवा परातीत पसरवून, गार करून फ्रीजमध्ये ठेवा.
६. रात्रभर पातेल्यात राहिलेल्या भाताला फोडणी देऊ नका. फोडणीने चव येते, विष जात नाही.